मंजुळा पुढच्या दारानं आत गेली

वर्तकनगरच्या बाजारात मंजुळामावशीशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. हवालदारही नाही. आमच्या मासळीवाल्यांच्या संघटनेची ती उपाध्यक्ष, मोर्चा निघाला की सगळ्यात पुढे तीच. त्या मावशीला साठाव्या वाढदिवसाला लेकीनं, वर्षालीनं, खडवलीच्या साहेबाच्या बंगल्यात एका रात्रीचं बुकिंग करून दिलं. शंभर वर्षांचा कौलारू बंगला, आता सुट्टीला भाड्यानं देतात. मावशीचं माहेर त्याच गावचं. तिचे वडील, भिवा, नदीची मासळी या बंगल्यावर पोचवायचे, मागच्या दारानं. पुढची पायरी जन्मात चढले नाहीत.

"मना फक्त पुढच्या दारानं आत जायचंय," आठवडाभर तिचं एकच. सोबतीला मला घेतलं. नवं लुगडं, अंबाड्यात अबोली.

रिक्षातून पिशव्या उतरवून वळते तर मावशी गायब! धावत मागे गेले. ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी, आणि मॅनेजर श्रीपाद आतून सांगतोय, "मावशी, आज मासळी नको. पाहुणे यायचेत."

माझं डोकं फिरलं. "अरे, पाहुणी हीच! डोळे फुटले काय तुझे?"

"त्याच्यावर कशाला डाफरतेस गो?" मावशी पुटपुटली. "माझेच पाय इकडं वळले." बाजार हलवणारी बाई, पण आवाज एवढासा झालेला. मग तिनं पदर खोचला. "चल. पुन्हा येऊ."

वळसा घालून पुढे आलो. सहा पायऱ्या. सहावीवर तिनं चपला काढल्या, परत घातल्या. "साहेब नाय काढायचे," म्हणाली आणि उंबरठा ओलांडून थेट आत!

"गो बाय, छत बघ केवढं उंच!" या खुर्चीत बसली, त्या खुर्चीत बसली, पलंगावर हात आपटून बघितला. मीही पोरीसारखी तिच्यामागे.

श्रीपाद ओशाळून पाहुण्यांचं जुनं रजिस्टर घेऊन आला. "मी भरतो, मावशी."

"का? माझा हात मोडलाय?"

माझ्याकडे दोन वर्षं गिरवलेली अक्षरं ती. नावापुढे लिहिलं, मंजुळा भिवा. पुढचा रकाना हुद्द्याचा. वर कुणी कलेक्टर, कुणी इंजिनियर.

"उपाध्यक्ष लिही," मी कानात म्हटलं. लागू दे की आपल्या संघटनेचं नाव इथं!

"तू गप."

जीभ दातांत धरून, रकान्याबाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं: पाहुणी.

वही श्रीपादपुढे सरकवली. "वाच. आणि चहा आण. पुढच्या पडवीत."