दादाची मिशी आणि चार मास्क

माझा थोरला भाऊ भाटघरच्या अलीकडे भाताची गिरण चालवायचा. सुगीनंतर तीन महिने तो कोंड्याच्या धुरळ्यात उभा असे आणि पुढचे तीन महिने खोकत असे. नव्वदीच्या दशकाअखेर एका हिवाळ्यात भोरच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि बजावलं, नाकातोंडाला काहीतरी धड बांधा, नाहीतर गिरण बंद करा. दादाला गिरणीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मिशी राखणं सोडलं, तर.

मी भोरला शिक्षक, म्हणजे शहाणा. त्यामुळे मास्क शोधायचं काम माझ्याकडे आलं.

दादाची पसंती उपरण्याला होती. ते नाकाखाली घसरे आणि तंबाखूसाठी घडोघडी सुटे. पण ते घरचंच होतं, हा त्याचा एकमेव वैद्यकीय गुण. मग मी औषधाच्या दुकानातून कानाला अडकवायचे हिरवे, पातळ मास्क आणले. ते गालांपाशी इतके मोकळे होते, की धुरळ्याला समोरून आत शिरायची गरजच पडली नाही.

शेवटी वहिनींचे भाऊ आले. हायवेवरच्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते आणि सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ओळखपत्र घालत. त्यांनी ओट्यावर दोन मास्क मांडले. एक पांढरा, वाटीसारखा, नाकावर पत्र्याची पट्टी आणि डोक्यामागे दोन रबरं. दुसरा रबरी, दोन्ही गालांवर डबे. मग पाऊण तास ते धुळीच्या कणांवर बोलले. दादानं डबेवाला चढवला तसं घरचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं. पोतं घेऊन आलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, "गणपती तर कवाच गेलं की. आता कसला देखावा?"

म्हणून पांढरा ठरला. संध्याकाळी दादानं तो काढला, तर आत मिशी कोंड्यानं पिवळी झालेली.

"मिशीमुळे कडेनं फट राहते," अधिकारी म्हणाले. "काढावी लागेल."

"पावणं, डबंवाला घालतो, पर मिशीचं बोलू नगा."

"तोही कातडीला चिकटून बसावा लागतो, दाजी."

आठवडाभर दादा खोकला. मग एका शनिवारी सकाळी कुणाला न सांगता न्हाव्याकडे जाऊन आला.

शनिवारची शाळा सकाळची असते. दुपारी मी एसटीतून उतरलो, तर थांब्यावरचा एक म्हातारा माझ्या मिशीकडे बघत म्हणाला, "थोरल्यानं आईसाटी मिशी काढली. तुमी शिकल्याली मान्सं, तुमास्नी न्हाई जमलं?"

आमच्याकडे आईबाप गेले तरच मिशी उतरते, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी धावतच घर गाठलं.

अंगणात आई लसूण सोलत बसली होती. भोवती पाचसहा बायका पदरानं डोळे पुसत, अवघडून उभ्या होत्या. झालं होतं असं, की दादानं पाणी प्यायला मास्क खाली घेतला, गिऱ्हाइकांनी बोडका ओठ पाहिला आणि हिशेब केला. डोक्यावर टोपी, त्यामुळे केस शाबूत असल्याचं दिसलं नाही. यंत्राच्या आवाजात विचारणार कोण? बायका रडतच अंगणात शिरल्या. आई घाबरून म्हणाली, "कोन गेलं गं?"

"तुमीच की वो, आत्याबाई!"

बायका गेल्यावर दादा मान खाली घालून आला. "आई, चुकलं माजं. परत वाडवतो."

"काय नगं. सकाळधरनं तुजा खोकला आला न्हाई कानावर," आई म्हणाली. "माज्या वक्ताला खांदा द्यायला तू असलास म्हंजी झालं." मग तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "मिशीचं धाकटा बगंल."