उघडं दार

त्या महागड्या घड्याळांच्या दुकानाचं काचेचं दार भर मे महिन्यातही उघडंच असतं. आतला गारवा फुटपाथवर सांडतो. येणारे-जाणारे तिथे क्षणभर रेंगाळतात, मीही रेंगाळतो. "दार लावून घ्या की," मी एकदा रखवालदाराला म्हटलं. "लावलं की गिऱ्हाईक बिचकतं, साहेब."

आतली उष्णता जाते कुठे, हे कोण विचारतो? काल मागच्या बोळातून आलो. भिंतीवर दुकानाच्या एसीची यंत्रं घरघरत होती. बोळातल्या शेवग्याची त्या बाजूची पानं करपली होती. समोरच्या चाळीतल्या खिडक्यांना आतून पुठ्ठे ठोकले होते. एकीमागे बाळ रडत होतं.

आज आमच्या इमारतीखालच्या गाळ्यावर त्याच दुकानाची पाटी लागलीय. पुढे काचेचं दार बसतंय. मागे, माझ्या खिडकीखाली, भिंतीला भोकं पाडताहेत.