विषयाबाहेर

संस्थेत तिला सगळे 'कानसेन' म्हणत. दिवसभर कानाला हेडफोन लावून शेतकऱ्यांच्या मुलाखती ऐकायच्या आणि टाइप करायच्या, हे तिचं काम. ठिबक सिंचन कोणी कोणाला शिकवलं, मोबाईलवरच्या सल्ल्यावर कोण विश्वास ठेवतं, नवं बियाणं आधी शेजारी पेरतो की आपण, असले प्रश्न विचारत संशोधक गावोगाव हिंडत आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणत.

टेबलाखाली एक पेडल होतं. दाबलं की आवाज पुढे पळे. बोलणारा नातवाच्या तापावर नाहीतर सुनेच्या माहेरावर घसरला, की हिचा पाय आपसूक पेडलवर जाई आणि कागदावर कंसात एकच शब्द उमटे: विषयाबाहेर. संस्थेची तशी पद्धतच होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"माणसं फार पाल्हाळ लावतात गं," ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगे. "मी आपली तण काढत बसते."

टाइप झालं की आवाज पुसून टाकायचा, दुसरी प्रत ठेवायची नाही, हाही नियमच. कोणाचं बोलणं भलत्याच्या हाती लागू नये म्हणून.

एकदा संशोधकबाई तिच्या माहेरच्या गावाला जाऊन आल्या. रेकॉर्डिंगवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता; पण पहिल्या खोकल्यालाच तिने आई ओळखली. म्हातारी चक्क ठिबकवर बोलत होती! तुंबलेल्या नळ्या कशा मोकळ्या करायच्या ते आई साऱ्या शेजारणींना शिकवते, हे लेकीला आज कळत होतं. तिला हसू आलं, अभिमानही वाटला.

"तुम्हाला कोणी शिकवलं?" संशोधकबाईंनी विचारलं.

"कोण शिकवणार? चुकत चुकत शिकले," आई म्हणाली. मग जरा थांबून, "खरं तर लेकीला शिकवायला हवं होतं मी. शेतकी शाळेत जायचं म्हणून हटून बसली होती पोर. मीच नाही म्हटलं. तेव्हा काय झालं होतं, सांगू का..."

त्या शेतकी शाळेत भाऊ गेला होता, ती नाही. का, ते तिने आईला कधी विचारलं नव्हतं आणि आईनेही सांगितलं नव्हतं. मनातली अढी मात्र तशीच राहिली होती. आता भर ऑफिसात, परक्या बाईला दिलेलं कारण कानात कशाला घ्यायचं? माहेरी जाईन, समोर बसून विचारीन, असं तिने ठरवलं. पाय पेडलवर गेला. कंसात शब्द उमटला. फाईल संपली आणि हाताच्या सवयीने तिने आवाजही पुसला.

माहेरी जायचं मात्र आज-उद्यावर पडत गेलं. आणि मग भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

सगळं उरकून ती कामावर आली ती थेट संशोधकबाईंच्या खोलीत.

"बाई, ती ठिबकवाली म्हातारी माझी आई होती. शाळेचं काय म्हणाली हो ती पुढे?"

"तुझी आई? अगं, बोलायचंस तरी!" बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "बराच वेळ बोलत होत्या. पण मी पुढचा प्रश्न शोधत होते गं. म्हटलं, तू टाइप करशीलच."

बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"शेवटी पदराने डोळे पुसले त्यांनी. म्हणाल्या, हे लेकीच्या तोंडावर बोलायला जमणार नाही मला, तुमच्याजवळ बोलले. एवढंच आठवतंय."

ती जागेवर येऊन बसली. हेडफोन लावले. कोणी अनोळखी म्हातारा नव्या बियाण्याचं सांगता सांगता आपल्या गेलेल्या बायकोवर घसरला. तिने पाय मागे घेतला. त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, शब्दन्‌शब्द टाइप केलं. आईचं तेवढं राहिलं.