ताणावरची बाग आणि यथास्थिती

पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. अर्थविचार आणि कायदा यांच्या जुन्या नात्यावर एक धडा आहे. मालमत्ता कोणाची हे कायद्यानं पक्कं केलं की माणूस जमीन सुधारतो, या विचारावर कितीतरी कायदे उभे राहिले. दरवर्षी तेच सांगून सांगून कंटाळलोय मी.

रामाकोन्याला आमची आणि काकाची संत्र्याची बाग लागूनच. विहीर एकच, सामायिक. पाण्याच्या पाळीवरून वाजलं आणि काका सौंसरच्या कोर्टात गेला.

तेव्हा दोन्ही बागा ताणावर होत्या. बहार धरायला हिवाळ्यात संत्र्याचं पाणी मुद्दाम तोडतात, झाडं मलूल झाली की पुन्हा सोडतात. म्हणून मोटार बंद होती. काकाच्या वकिलानं अर्जात तसंच लिहिलं आणि आदेश निघाला, यथास्थिती. निकालापर्यंत जे आहे ते तसंच. मोटार बंद, तर बंदच. आमचं पाणी अडवायला गेला आणि स्वतःचंही अडवून बसला. हसावं की रडावं!

पाणी सोडायची वेळ आली. आमची जमीन मुरमाड, तिथं ताण लांबला की झाड जातं. बाबा गेल्यावर ही बाग आईनं एकटीनं उभी केली होती. ती रोज विचारायची, "कधी देते रे कोर्ट पानी?" मी वकिलाकडे खेटे घालायचो. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी वकिलांचा बहिष्कार.

पुस्तकात लिहिलंय, शेजारी शेवटी आपसात सौदा करतात. गेलो काकाकडे. म्हटलं, दोघं मिळून मोटार लावू.

"अन् उद्या तूच कोर्टाले सांगितलं तं?" काका म्हणाला. "मी कायले जेलात जाऊ?"

इतका राग आला, की चहा न घेताच उठलो. खरं तर मलाही तीच भीती होती.

काकाची जमीन काळी, त्याची झाडं तगली. आमच्या झाडांची आधी पानं गळाली, मग फांद्या वाळल्या. शेवटी माणसं लावून बाग तोडावी लागली. आई त्या दिवशी जेवली नाही.

निकाल पुढच्या वर्षी लागला, आमच्या बाजूनं. निम्मं पाणी आमचं. वकिलानं पेढे मागितले, मी दिलेही. घरी येऊन आईला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "आता थे पानी पाजू कोनाले, बाबू?"