अजिताचा काना

मंडळी, दमून घरी आले होते. पण जेवण्याआधी ही मेल तुम्हा सगळ्यांना लिहितेच.

मी इथे उत्तरेत, हज़रतगंजमधल्या एका जाहिरात कंपनीत हिंदी मजकूर लिहिते. गेल्या आठवड्यात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची जाहिरात होती. मी लिहिलं होतं, "बच्चे बनेंगे चैंपियन". साहेबांनी "बच्चे बनेंगे" खोडून "बेटा बनेगा" केलं. म्हणाले, "मैडम, लड़कियाँ गेम कहाँ खेलती हैं?" जाहिरात तासाभरात पेपरकडे पाठवायची होती. मी वाद घातला नाही. खालचं बक्षिसाचं कूपनही मीच लिहिलं: बेटे का नाम, बेटे की उम्र.

आज घरी आले तर माझी दहा वर्षांची अजिता तेच कूपन भरत बसली होती. शेजारच्या बंटीला ती त्याच्याच घरी या गेममध्ये रोज हरवते. तिला स्वतःचा गेम हवाय, आणि बक्षीस तोच आहे.

नावापुढे तिने लिहिलं होतं, अजित.

"अगं, काना राहिला तुझा."

"राहिला नाही, आई. जानबूझकर छोड़ा. बेटे का नाम माँगा है ना. पता नहीं किस बुद्धू ने लिखा है!"

"मी लिहिलंय."

ती हसली नाही. "पर तुम्हें तो पता था ना, कि मैं हूँ?"

कूपन उद्या पोस्टात टाकायचंय. काना घातला तर ते बाद होईल, नाही घातला तर आत माझी मुलगी नसेल. तुम्ही काय केलं असतं?