सुलूच्या वाफेचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमचे हे शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून काय काय बोलले मी — लग्नातली भांडणं, माहेरची भांडणं — पण हे नाही काढलं. रोज देवापुढे बसते, तिथंही नाही. त्याला ठाऊक असणारच, मग पुन्हा सांगायचं कशाला, असं म्हणून उठते. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडायचं धाडस माझ्यात नाही. तशी मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण ते दुसऱ्यांबद्दल बोलताना.

कुठून सुरू करू? धुरापासूनच करते.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन नांदगावहून मी सातपूरला आले. ह्यांना रबराचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती आणि कामगार वसाहतीतल्या एका चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. इतक्या चिमण्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आणि खरं सांगू? तेव्हा धूर कुणाला वाईट वाटत नव्हता. चिमणी धुमसतेय म्हणजे पगार होणार. संप झाला की धूर बंद व्हायचा आणि आम्ही डब्यातलं धान्य मोजायला लागायचो. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळे ठिपके पडायचे, ते झटकताना आम्ही बायका हसायचो — कंपनीनं रांगोळी घातली म्हणायचो.

पण हिवाळ्यात हसू यायचं नाही. नाशिकची थंडी ज्यानं काढली त्याला माहीत आहे. सकाळी धूर वर चढतच नसे, वसाहतीवर घोंगडीसारखा पडून राहायचा. त्यात सगळंच असायचं — भट्ट्यांचा धूर, त्र्यंबक रोडवरच्या ट्रकांचा, पेट्रोलमध्ये घासलेट मिसळून चालवलेल्या रिक्षांचा, घरोघरच्या शेगड्यांचा. सगळेच खोकायचे. कुणाचा धूर कुठला, हे कोण निवडत बसणार?

आता बघा, हे सगळं मी तुम्हाला का सांगत बसलेय? दुसऱ्यांच्या धुरात माझा धूर लपवायला. ही माझी जुनी खोड.

माझा धूर बंबाचा होता.

तांब्याचा बंब, माहेरून आलेला. चिंचेनं घासून असा लखलखीत ठेवायची की बायका त्यात बघून कुंकू नीट करायच्या. ह्यांची पहिली पाळी असली की उजाडायच्या आत कढत पाणी लागायचं, आणि सगळ्या चाळीत पहिला बंब माझा पेटायचा. ह्याचा मला गर्व होता. हसू नका. ज्या बाईला दुसरं काही नसतं, तिला असल्या गोष्टींचाच गर्व होतो. पण जळण महाग. वखारीतून भुसा आणावा तर तो दमट निघायचा, फुंकून फुंकून डोळे जायचे. मग एकदा ह्यांनी डब्याच्या पिशवीतून कात्रण आणलं — साच्यातून काढलेल्या रबराच्या कडा कापतात ना, ते तुकडे. कंपनी ते फेकूनच द्यायची. एक काडी लावली की भडाभड पेट घ्यायचे. पाणी बघता बघता उकळायचं.

धूर? काळा. जाड. जिभेवर चव येईल असा. म्हणून तर मी अंधार असताना पेटवायची. चाळ उठेपर्यंत रबर जळून गेलेलं असायचं आणि वर दोन लाकडं दिसतील अशी ठेवलेली असायची. बंबाच्या नळीतली काजळी मी स्वतः काढायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हणजे मला कळत होतं. लोक म्हणतात, अजाणता झालं. माझं अजाणता नव्हतं. जे चांगलं असतं ते माणूस झाकून ठेवत नाही.

बंब ठेवलेला असायचा मागच्या बोळात. आणि बोळात खिडकी होती मंगलची.

मंगल माझी शेजारीण. मला ताई म्हणायची, आणि तिची मुलगी सुलू मला मावशी म्हणायची. पाच-सहा वर्षांची असेल. बारीक चणीची, मोठाल्या डोळ्यांची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही — मग दम लागायचा म्हणून थांबायची. हिवाळा आला की तिची छाती घरघरायला लागायची. पहाटे तर ती उठून बसायची, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि श्वास ओढायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितली होती. मंगलकडे घासलेट पुरायचं नाही, मग मीच म्हटलं, बंबातलं कढत पाणी नेत जा ना रोज.

रोज दिलं. हिवाळाभर दिलं. बादलीत उकळतं पाणी, त्यात ओवा, डोक्यावरून चादर, आणि चादरीखाली सुलू. त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली. वाफ ओसरली की ती पोर थंडीची कुडकुडत माझ्याकडे यायची आणि बंबाला टेकून बसायची. ऊब लागते म्हणायची. मी तिला शेंगदाणे द्यायची.

मंगल साऱ्या चाळीला सांगायची, ताई नसत्या तर माझी पोर वाचली नसती. लोक माझ्याकडे बघायचे. मला ते फार आवडायचं. काय लपवू आता?

मग एका सकाळी मी सुलूचं नाक पुसलं, पदरानं. पदर काळा झाला. चूल फुंकल्यावर होतो तसा नाही — चिकट काळा, बंबाच्या नळीत असायचा तसा. मी पदर तसाच खोचला आणि धुवायला गेले. त्या रात्री जेवताना ह्यांनाही काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “कात्रण आणणं बंद करू का? पलीकडे पोर आजारी असते.” मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “मग तुमच्या आंघोळीला पाणी कुठून येणार? आणि तिच्या वाफेला?”

तिच्या वाफेला. असं बोलले मी. दुसऱ्या दिवशीही डब्याच्या पिशवीतून कात्रण आलं.

पुढल्या हिवाळ्यात सुलूला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर मंगलला म्हणाले, हिला धुरापासून लांब ठेवा. आता लांब म्हणजे कुठं? कंपनीच्या चिमणीला कोण बोलणार? त्याच चिमणीवर आमची सगळ्यांची चूल पेटायची. मग बायका ओट्यावर बसून बोलायला लागल्या — कुठला धूर, कुणाचा धूर. कुणीतरी म्हणालं, पहाटे रबर जळल्यासारखा वास येतो. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आणि दुसऱ्या क्षणी मीच बोलले. मीच. म्हणाले, नाल्यावरची ती चांगुणा तारा जाळते, माहीत नाही का तुम्हाला?

चांगुणा सुरगाण्याकडची. भातकापणी झाली की नवऱ्याबरोबर मजुरीला यायची. नवरा बांधकामावरून पडून वारला, आणि ही पाठीला तान्हं बांधून नाल्याच्या कडेला झोपडी घालून राहिली. भंगारातली वायर गोळा करायची, जाळायची, आतलं तांबं विकायची. जाळायची ती संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. रोज दिसायचं आम्हाला. पहाटे नाही. पण हे कुणाला आठवलं नाही, आणि ज्या एका बाईला आठवलं तिनं तोंड बंद ठेवलं.

आम्ही पाच-सहा जणी गेलो. मी पुढे. मीच सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते — पोरीचा जीव घेशील, लाज नाही वाटत, असलं बरंच काही. ती खाली बसली होती, वायर सोलत. तिनं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्याजवळ आली, आणि शांतपणे म्हणाली, “वास तर तुमच्या पदरालाबी हाय, बाई.”

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मंगलही. तो एक क्षण होता. तेव्हा बोलले असते तर आज हे सांगायची वेळ आली नसती. मी म्हणाले, “असणारच! तुझाच धूर सगळ्यांच्या अंगाला लागलाय.”

आणि पायानं तिचा जाळ विस्कटला.

बायकांना पटलं. का नाही पटणार? मी कढत पाणी देणारी ताई, ती नाल्यावरची.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, काही दिवस कात्रण आणू नका. भीतीनं म्हटलं, पश्चात्तापानं नव्हे — हा फरक मला तेव्हाही कळत होता. लाकडं आणली, भुसा आणला, डोळे चोळत बंब पेटवला. आणि सुलू बरी झाली. पहाटेची घरघर थांबली. रात्रभर झोपायला लागली, ओट्यावर उड्या मारायला लागली. मंगल आनंदानं रडली. म्हणाली, बघा ताई, त्या बाईनं जाळणं थांबवलं आणि माझी पोर सुधारली.

बघितलं मी. माझ्याइतकं नीट कुणी बघितलं नसेल.

मग लाकडं संपली. थंडी होती, ह्यांची पहिली पाळी सुरू झाली, वखारवाल्यानं भाव वाढवला. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. मीच ह्यांना पिशवी दिली आणि म्हटलं, थोडंसं आणा. थोडंसंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पिशवी घेतली.

दोनचार दिवसांत सुलू पुन्हा उठून बसायला लागली. भिंतीपलीकडून तो आवाज — शिट्टी वाजल्यासारखा. मी ऐकायची आणि काडी ओढायची. तुम्ही विचाराल, हात धजला कसा? मलाही विचारावंसं वाटतं. पण कुणाला विचारू? हात माझाच होता.

चाळीत एकच निष्कर्ष निघाला — चांगुणा चोरून जाळतेय, दूर कुठंतरी, पहाटे. सुट्टीचा दिवस होता. चहा पिऊन पुरुष मंडळी निघाली, मंगलचा नवरा पुढे. हे गेले नाहीत, कंबर दुखते म्हणाले. मी नळावर उभी होते. तिथून नाला दिसतो. झोपडीचे पत्रे ओढल्याचा आवाज आला. चांगुणा ओरडली नाही. पत्र्याखालून एकेक वस्तू काढून फडक्यात बांधत होती, पाठीवर तान्हं रडत होतं, आणि तोंडातून वाफ येत होती दोघांच्या, इतका गारठा होता. मग ती रस्त्याकडे गेली. कुठं गेली, मला माहीत नाही. विचारलंही नाही कधी कुणाला. सुरगाण्याच्या जीपगाड्या सुटतात तिथून पुढं कितीदा गेले असेन, पण थांबले नाही.

पुरुष परत आले. मंगलचा नवरा बोळातून आला, हात पुढे करून. म्हणाला, “वहिनी, जरा गरम पाणी द्या, हात काळे झालेत.”

दिलं मी. बंबातलंच.

नंतर मंगलच्या नवऱ्यानं देवळालीकडे घर घेतलं आणि ती मंडळी गेली. मी कात्रण कधी बंद केलं? तर गॅस आल्यावर. म्हणजे गरज संपल्यावर. बंब माळ्यावर टाकला, पुढे मोडीत घातला. हे गेले. सातपुरात चिमण्या वाढल्या, रिक्षा वाढल्या, आता तर बायका रस्त्यानं पदर नाकाला लावून चालतात. कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या धुरात तुझा एक बंब तो काय? असेल. पण सुलूच्या खिडकीखाली कंपनीची चिमणी नव्हती.

गेल्या वर्षी सुलूचं लग्न झालं. मंगल स्वतः बोलवायला आली होती, साडी घेऊन. कार्यालयात होम पेटला, धूर झाला, आणि सुलू खोकायला लागली. थांबेना. शालूचा पदर नाकाशी धरून, दुसरा हात गुडघ्यावर ठेवून ती वाकली — अगदी तशीच, पहाटे बसायची तशी. नवरा मुलगा घाबरला. तिला बाहेर हवेत नेलं. मंगल विहीणबाईंना सांगत होती, लहानपणी आमच्याकडे एक तारा जाळणारी बाई होती, तिनं हिची छाती कायमची घालवली. आणि माझा हात धरून पुढे ओढत म्हणाली, “ह्या ताई होत्या म्हणून ही जगली. रोज वाफेला पाणी द्यायच्या.”

सुलू सावरून आत आली तेव्हा घामेजली होती. सगळ्यांत आधी माझ्या पायाशी वाकली. तिच्या श्वासाची शिट्टी अजून चालू होती, माझ्या पायांवर मला ती जाणवली. विहीणबाईंनी मला हात जोडले.

मीही जोडले. म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं, शेजारधर्मच तो.”

मग पान वाढलंय म्हणून कुणीतरी बोलावलं. मी गेले, आणि पोटभर जेवले.