पहिल्या कप्प्यातली आडवी बाटली

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... सगळं थोतांड. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला दरवर्षी जाते, पण खरं सांगायचं तर भांडी घ्यायला. माझी भाची ह्या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव वाचत असते. मावशी, तू लिहीच, म्हणून तिने डोकं खाल्लं, म्हणून लिहायला बसलेय. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही. बाकी घडलं तसं.

आणि हो, माझं बियर शॉप होतं हे वाचून ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडा. मला सवय आहे.

विवळवेढ्यावरून हायवेने तलासरीकडे निघालं की डाव्या हाताला ढाबे, टायरवाले, पंक्चरवाले लागतात. त्याच ओळीत २०१४ साली आमच्या ह्यांनी दुकान टाकलं. बियर आणि वाईन, फक्त सीलबंद विक्री. माझं माहेर चिखल्याचं, चिकूच्या वाडीवाल्यांचं. जावई बाटल्या विकणार म्हटल्यावर माझे वडील सहा महिने आमच्याकडे जेवले नाहीत. पण हे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. एकवीस पूर्ण नसतील तर बाटली नाही, मग तो सरपंचाचा पोरगा का असेना. दुकानाच्या पायरीवर बाटली उघडायची नाही. गुजरात पासिंगची गाडी येऊन पेटी मागू लागली तर हात जोडायचे. निवडणूक गुजरातची असली तरी बॉर्डरजवळ म्हणून ड्राय डे आम्हाला, तोही पाळायचा. शेजारचा एक जण मागच्या दाराने सगळं करायचा. आज त्याचा बंगला आहे. असो.

ह्यांची एकच अंधश्रद्धा होती. बाटली कधी आडवी ठेवायची नाही. बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे गावातल्या बायकांनी मागणी केली तर दारूचं दुकान बंद करायला मतदान लागतं. फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं — उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. त्यामुळे ह्या धंद्यातले बरेच जण आडव्या बाटलीला बिचकतात, आणि आमचे हे तर फारच. वाईन कंपनीचा सेल्समन ओरडून सांगायचा, साहेब, बुचाची वाईन आडवी ठेवतात, उभी ठेवली की बूच सुकतं. हे ऐकतील तर शपथ. अर्धी वाईन आंबून फेकून दिली, पण बाटली उभीच. सकाळी पहिलं काम काय, तर फ्रिजच्या पहिल्या कप्प्यातल्या बाटल्या फडक्याने पुसायच्या, लेबलं समोर करायची, एका रांगेत लावायच्या. शाळेच्या प्रार्थनेची रांग असल्यासारखी.

२०१५ च्या पावसाळ्याच्या शेवटी हे गेले. संध्याकाळी दुकानासमोरच्या वळणावर एका पोराची बाईक घसरली. त्याला उचलायला हे धावले आणि मागून कंटेनर आला. पोरगाही गेला, हेही गेले. तो पोरगा म्हणजे आमच्याच गावच्या जानकीचा दिनेश. कुठेतरी ताडी पिऊन आला होता असं सगळे म्हणाले, मीही तेच धरून चालले. माझ्या मनात त्या मेलेल्या पोराबद्दल इतका राग होता की जानकी समोरून आली तर मी रस्ता बदलायचे. तीही बदलायची.

वारस म्हणून लायसन्स माझ्या नावावर झालं. बाई बाटल्या विकते म्हणून लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुलीची शाळा, पुढे फार्मसीची फी, सगळं ह्या दुकानावरच होतं, दुसरं काही नव्हतंच. आणि मी ह्यांच्यापेक्षा कडक झाले. माझ्याकडे कामाला लखमा होता, दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा, पन्नाशीचा. तो म्हणायचा, “शेठाणी, पोलीस पण एवढा कार्ड नाय बघत.”

मग २०१७. कोर्टाचा निकाल आला, हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको. एका दिवसात सगळी ओळ बंद. बाकीचे म्हणाले, वहिनी, गप्प बसा, निघेल काहीतरी वाट. मी उंटावरची शहाणी! कायदा म्हणजे कायदा. ग्रामसभेचा ठराव घेतला, शाळा-देवळापासूनचं अंतर मोजून घेतलं, एक्साइजच्या साहेबांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवले, आणि दुकान आत, आमच्या सासरच्या गावात हलवलं. ह्यांचा तोच जुना फ्रिज टेम्पोत घालून नेला. वर्षभरात काय झालं? नियम सैल झाला आणि गप्प बसलेले सगळे हायवेवर पुन्हा सुरू. मी मात्र आत, भर गावात. आणि गावातल्या बायकांच्या डोळ्यांत.

पुढच्या दिवाळीनंतर बचतगटाच्या बायकांनी मतदानाचा अर्ज दिला. पुढारी कोण? जानकी.

त्याच आठवड्यात पहिल्यांदा झालं. सकाळी शटर वर केलं, फ्रिजचं कुलूप काढायला गेले, तर काचेच्या दारातून दिसलं, पहिल्या कप्प्यात मधली एक बाटली आडवी. आजूबाजूच्या जशाच्या तशा उभ्या. गच्च भरलेल्या रांगेत बाटली आडवी व्हायला जागाच नसते हो! शेजारच्या बाटल्या अंग चोरून सरकल्या होत्या, नीट जागा करून दिल्यासारख्या. शटरची किल्ली माझ्याकडे, फ्रिजची किल्ली माझ्याकडे. मी लखमावर खेकसले, बाटली उभी केली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी परत आडवी. तिसऱ्या दिवशी दोन.

कॅमेरे होतेच, लायसन्सला लागतात. मसोलीच्या ज्या मुलाने ते बसवले होते त्याला बोलावलं. फुटेज आम्ही दोघांनी पुढे-मागे करून पाहिलं. बाटली उभी, उभी, उभी... आणि आडवी. मधलं काहीच नाही. पडताना दिसत नाही, कोणी येताना दिसत नाही. तो म्हणाला, “काकी, फ्रेम ड्रॉप झाली असेल, मधलं चित्र गळलं असेल.” मी म्हटलं, “रोज? त्याच बाटलीपाशी?” त्याने सामान गोळा केलं. चहासुद्धा न घेता गेला.

लखमा मात्र घाबरला नाही. पेट्या लावता लावता म्हणाला, “शेठच करतात.”

“वेडा झालास का रे? ह्यांनी जन्मात कधी बाटली आडवी केली नाही!”

तो पुढची पेटी उचलायला वळला. मीही पुढे विचारलं नाही. मला वाटलं, जानकीच्या बायका काहीतरी करणी-बिरणी करतायत. बघा, विश्वास न ठेवणारी मी, कुठे येऊन पोचले होते.

मला मतदानाची तशी भीती नव्हती. हिशोब सोपा होता. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरच्या निम्म्या बायका नवऱ्यांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात, त्या येतात थेट शिमग्याला. मतदान त्याच्या आधी लागलं. जी गावात नाही तिचं मत आडवीला नाही, म्हणजे मलाच. कडू वाटेल, पण मी हाच हिशोब मनात घोळवत बसायचे. पोट माझंही होतं.

मतदानाच्या काही दिवस आधी, भर दुपारी, जानकी दुकानात आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा समोर. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

“वहिनी, तुमच्याशी भांडण नाय आपलं.”

“मग कोणाशी आहे?” माझा तोल गेलाच. “हायवेवर सगळे राजरोस चालू आहेत, तिकडे जा की! एकवीसच्या आतल्या एका तरी पोराला मी बाटली दिली असेल तर दाखव. एक नियम मोडला असेन तर दाखव!”

“तेच तर सांगायला आले,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “माझ्या दिनेशला पण एकवीस पुरी झाल्यावरच दिली. तो गेला त्याच दिवशी पुरी झालती. शेठनी कार्ड बघितला, हात मिळवला त्याच्याशी. लय खूश होता पोरगा, मला फोन करून बोलला, आये, शेठ बोलले आता तू मोठा झालास. ताडी नव्हती ती, तुमच्याच दुकानातली होती, पण कायद्यानेच दिली, वहिनी. म्हणून तर मी शेठला कधी शिवी नाय दिली.”

मी वळून लखमाकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

“लखमा, ही काय म्हणतेय?”

“खरा आहे, शेठाणी.”

“आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारला नाय. नि सांगून शेठ येणार होते काय?” मग तोच पुढे बोलला. “शेठच्या हातात बाटली होती, पुसत होते. बाहेर आवाज झाला. दारात जाऊन बघितला, पोरगा कोण ते ओळखला. तसेच परत फिरले. ती बाटली काउंटरवर आडवी ठेवली. मी बोललो, शेठ, आडवी ठेवली तुम्ही. माझ्याकडे फक्त बघितला. नि धावले.”

जानकी केव्हा गेली मला कळलं नाही. लखमाला मी घरी पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि त्या फ्रिजसमोर उभी राहून ह्यांच्याशी भांडले. हो, भांडले. मोठमोठ्याने. म्हटलं, तुम्हाला सुचलं आणि तुम्ही बाटली आडवी करून मोकळे झालात, मी काय करू? पोरीची फी तुम्ही भरणार? तुम्ही घालून दिलेला एकेक नियम पाळला मी, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता माझ्याच विरोधात उभे राहता? बायको आहे मी तुमची! रडून रडून घसा बसला. मग डोळे पुसले आणि फडकं घेऊन एकेक बाटली पुसून उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कप्पा अख्खा आडवा होता.

त्यानंतर मी उभ्या करायचं सोडून दिलं. त्या फ्रिजच्या काचेवर जुनी चादर टाकली, तो उघडायचाच नाही, दुसऱ्या फ्रिजमधला माल विकायचा.

मतदानाच्या दिवशी अर्थातच ड्राय डे. मी यादीतली मतदार, मीही रांगेत. पुढच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात शाळेच्या मैदानात टेम्पो येऊन थांबला. मग दुसरा. भट्टीवरच्या बायका, अंगावर विटांची लाल धूळ, कडेवर पोरं. मुकादमाच्या हातापाया पडून एका दिवसासाठी आल्या होत्या. माझा हिशोब तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत संपला.

तरीही आत गेल्यावर मी शिक्का उभ्या बाटलीवर मारला. दोनदा बघितलं. हे स्वच्छ सांगते, कारण नंतर काही जणी म्हणाल्या की वहिनीनेसुद्धा आडवीवर मारला. नाही मारला. माझी मुलगी होती, माझं पोट होतं. मी आजही उभीवरच मारीन.

आडवी जिंकली. ढोल वाजले. जानकी त्यात नव्हती, ती शाळेच्या पायरीवर एकटीच बसली होती. मी जवळून गेले तेव्हा उठून उभी राहिली. ह्या वेळी दोघींपैकी कोणीच रस्ता बदलला नाही.

दुकान सील करायला साहेब आले तेव्हा माल मोजायचा होता. मी सांगितलं, ह्या एका फ्रिजमध्ये बाटल्या जरा अस्ताव्यस्त आहेत, इतके दिवस उघडला नाही. चादर ओढली, कुलूप काढलं.

पहिल्या कप्प्यात सगळ्या बाटल्या उभ्या होत्या. एका रांगेत, लेबलं समोर. खालच्या कप्प्यांतल्या बाटल्यांवरसुद्धा धूळ बसली होती, त्या बाटल्यांवर नव्हती. नुकतंच फडकं फिरवल्यासारख्या.

“व्यवस्थित ठेवलंय हो दुकान तुम्ही,” साहेब म्हणाले.

लखमाने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही, मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता. लखमाचाही आणि ह्यांचाही.

लायसन्स घेऊन पुन्हा तिसरीकडे जायची ताकद राहिली नाही. मी आता चिखल्याला भावाच्या वाडीत चिकू निवडते, मुलीची फी भाऊ भरतो आणि भावजय ते रोज आठवण करून देते. कायदा पाळणाऱ्या बाईचं हे असं झालं. कोणाला स्पष्टीकरण सुचत असेल तर सांगा — फ्रिज उतारावर होता, कंप्रेसरचा हादरा, फ्रेम ड्रॉप, सगळं ऐकून झालंय. मला एकही पटलेलं नाही, आणि ‘शेठच करतात’ हेही अजून पटवून घेतलेलं नाही.

फक्त एक आहे. घरात तेलाची, फिनेलची, औषधाची, सगळ्या बाटल्या मी उभ्या ठेवते. सकाळी उठले की आधी फळीकडे बघते. आजपर्यंत एकही आडवी झालेली नाही. भांडायला का होईना, एखादी व्हावी असं वाटतं हो.